संकष्टीला पास झालेला काटा

माझ्या मावसाजींचा जगातल्या एकाही काट्यावर विश्वास नव्हता. काटा म्हणजे मोजणारा काटा. तराजूचा, घड्याळाचा, पेट्रोलपंपाचा. ज्यांना काटा नसतो पण मोजण्याचा आव असतो, अशी थर्मामीटर, शिंप्याची टेप आणि दूधवाल्याचं मापही त्यांच्या लेखी संशयितच होती. ‘हा बरोबर दाखवतो का?’ असं साधी माणसं विचारतात. मावसाजी विचारत, ‘‘हा किती खोटं बोलते?’’ सगळीच मापं खोटं बोलतात, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. फरक एवढाच, की काही मापं रोज सारखंच खोटं बोलतात, ती भरवशाची. आणि काही आज एक आणि उद्या दुसरंच बोलतात, ती जप्त करण्याच्या लायकीची. माणसांनाही ते हाच नियम लावत. त्या हिशेबानं आमचे निम्मे नातेवाईक जप्तीला पात्र होते.

मावसाजी, म्हणजे माझ्या मोठ्या मावशीचे यजमान, वर्ध्याला वजनमापे निरीक्षक होते. मी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा ते निवृत्त झालेले होते, पण ही गोष्ट फक्त सरकारला माहीत होती. ऑफिसनं त्यांच्याकडून तपासणीची वजनं, शिक्के, सीलचं शिसं ठोकायची पक्कड असं सगळं परत घेतलं होतं. तेव्हा त्यांनी स्वतःच्या पैशांनी एक छोटं पितळी वजन विकत घेतलं, नागपूरला नेऊन तपासून आणलं आणि कोटाच्या डाव्या खिशात ठेवलं. त्या वजनामुळे त्यांचा कोट डावीकडे ओघळलेला असे आणि ते स्वतः उजवीकडे कललेले असत. लांबून पाहिलं की एखादा तराजूच चालत येतो आहे असं वाटे.

त्यांच्या या स्वभावाचे मासले सांगायचे तर कुठून सुरुवात करावी कळत नाही. स्टेशनवरच्या घड्याळाचा आणि त्यांचा वाद इतका जुना होता की त्यांना फलाटावर पाहिलं की स्टेशनमास्तर आत जाऊन बसत. एकदा त्यांना ताप आला. डॉक्टरांनी थर्मामीटर लावलं. मावसाजींनी ते काढून स्वतःचं लावलं. दोन्हींत फरक पडला, तेव्हा मध्यस्थ म्हणून शेजाऱ्यांकडून तिसरं मागवलं. तिन्हींचा निकाल लागेपर्यंत ताप उतरून गेला आणि मग डॉक्टर विनाकारण आले असं ठरलं. माझ्या एका चुलत मावसभावाच्या लग्नात तर भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली आणि मावसाजी पुढच्या रांगेतून उठून म्हणाले, ‘‘गुरुजी, थांबा. तुमचं घड्याळ मागं हाये. मुहूर्त होऊन गेला.’’ अंतरपाट धरणाऱ्यांचे हात तसेच वर. मांडवात एकच गलका. त्या जोडप्याचं पुढे कधी जरा वाजलं, की मावशी अजून मावसाजींकडे बघते.

मी या सगळ्याला फार लाजत असे. माझी शाळा नागपूरची, इंग्रजी माध्यमाची. तिथे मोठ्यानं बोलणं हा जवळजवळ गुन्हा होता, आणि माझा मूळ स्वभावही असा, की दुकानदारानं कमी सुटे पैसे परत दिले तर मीच त्याला थँक्यू म्हणून बाहेर पडावं. वडिलांची बदली लांब झाली, म्हणून बी.एस्सी.साठी मला वर्ध्याला मावशीकडे ठेवलं गेलं. मावशीचे पाय दुखत, तेव्हा मावसाजींबरोबर बाजारात जायचं काम माझ्याकडे आलं. भाजीबाजाराच्या तोंडाशी आम्ही दिसलो, की अंजनाबाई नावाची भाजीवाली हाळी देई, ‘‘आले वं माय, आले! जज्जसाहेब आले! झाका आपापली वांगी!’’

मावसाजी शांतपणे तिच्यासमोर उकिडवे बसत. ‘‘अंजनाबाई, काटा रिकामा दाखव.’’

‘‘रिकामाच हाये न् जी. मी काय त्याले जेवू घालून आनलं?’’

मग खिशातून पितळी वजन निघे. ते एका पारड्यात, अंजनाबाईचं वजन दुसऱ्यात. मावसाजी एक डोळा मिटून काट्याकडे बघत, आणि सगळा बाजार आमच्याकडे बघे. मी तोवर सरकत सरकत केळीच्या गाडीपाशी गेलेली असे आणि दुसऱ्याच कुणाबरोबर तरी आलेय अशी उभी राही. पण मावसाजी मोठ्यानं हाक मारत, ‘‘बेटा, ये, पाह्य! अर्ध्या भेंडीचा फरक हाये!’’ अर्ध्या भेंडीसाठी मी कितीदा मान खाली घातली असेल! कॉलेजातल्या मुली त्याच बाजारात यायच्या. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही, हे तर आणखीच वाईट होतं.

अशा घरी एका सकाळी हिंगणीचे बापूसाहेब आले, आणि मावशीनं हातातली कपबशी खाली ठेवली.

बापूसाहेब आणि मावसाजी बालमित्र. एका बाकावर बसलेले, बोर नदीत एकत्र पोहलेले. बापूसाहेब पुढे मोठी शेती आणि कापसाची खरेदी करू लागले. मावसाजी नोकरीत लागल्यावर एकदा तपासणीला त्यांच्या खरेदीच्या अंगणात गेले आणि कापूस घेऊन आलेल्या सगळ्या शेतकऱ्यांसमोर त्यांनी बापूसाहेबांच्या मोठ्या काट्याला शिसं ठोकून तो बंद केला. त्या दिवसापासून बापूसाहेबांनी आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. मावशी आणि बापूसाहेबांच्या घरच्या वहिनी एकमेकींना संक्रांतीचा तिळगूळ तेवढा कुणाच्या तरी हाती पाठवत. मावसाजींनी मात्र एवढ्या वर्षांत बापूसाहेबांचं नावही घेतलं नव्हतं. पण हिंगणीची बस स्टँडवर लागलेली दिसली, की ते तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत.

बापूसाहेब खुर्चीत बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, ‘‘लेका, तुले मी लय शिव्या देल्या.’’

‘‘आयकू येत होत्या,’’ मावसाजी म्हणाले.

‘‘पन काटा खोटाच होता माहा. मंग मी तपासला. सांगाले कोन्या तोंडानं येऊ?’’

‘‘आता आला न्.’’

‘‘आता काम हाये म्हून आलो,’’ बापूसाहेब म्हणाले, आणि दोघं असे हसले की आतून मावशी डोळ्यांना पदर लावतच चहा घेऊन आली.

काम असं होतं. बापूसाहेबांच्या पुतण्यानं आखातातून एक परदेशी मोटार पाठवली होती. टर्बो. इंजिनाच्या धुराच्या जोरावर एक चक्की फिरते आणि ती इंजिनात जास्तीची हवा कोंबते, त्यामुळे गाडी अशी पळते की मागून कोणीतरी ढकलतंय असं वाटावं. आत कोंबलेल्या हवेचा दाब एक छोट्या डबीएवढा सेन्सर मोजतो, आणि त्याच्या सांगण्यावर गाडी पेट्रोल घेते. तो सेन्सरच बिघडला होता. खरा कंपनीचा मिळायला काही महिने लागणार, आणि तोवर गाडी हिंगणीच्या टिनाच्या शेडखाली उभी, तिच्या टपावर कोंबड्या. इकडे वहिनींचा गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्याला नवस होता. सून बाळंतपणातून सुखरूप सुटली तर या गाडीनं टेकडीला येईन, असं त्या बोलून बसल्या होत्या.

‘‘नागपुरात दुसऱ्या कंपन्यायचे सेन्सर भेटतात म्हन्ते,’’ बापूसाहेब म्हणाले. ‘‘पन कोन्ता घ्यावा? दुकानदार तर सबनच ओरिजिनल म्हन्ते. मले ना मिस्तरीवर भरोसा, ना दुकानदारावर. मंग म्हटलं, आख्ख्या जिल्ह्यात एकच मानूस हाये.’’

मावसाजी उठले, खुंटीवरचा कोट काढला आणि अंगात घातला. भर उन्हाळ्यात, घरातल्या घरात.

दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला. आम्ही म्हणजे मीसुद्धा, कारण सेन्सरबरोबरचा कागद इंग्रजीत असतो. मोटारींच्या सुट्या भागांचं ते दुकान बोळासारखं अरुंद होतं, आणि गल्ल्यावरचा तरुण मालक आमच्याकडे न बघताच म्हणाला, ‘‘सब ओरिजिनल है, अंकल.’’

‘‘झूट कितना बोलता है?’’ मावसाजींनी विचारलं.

‘‘कौन? मैं?’’

‘‘तू भी. पहले ये बताओ, ये सेन्सर कितना बोलता है.’’

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळली. पुढे जे झालं ते आठवलं की अजून माझे कान गरम होतात. मावसाजींनी सेन्सर एकेक करून हुंगले. नळी लागते त्या तोंडात फुंकर मारली. कानाशी नेऊन हलवले. मग मला पुढे ढकलून म्हणाले, ‘‘हे आमची पोरगी. इंग्लिश मीडियम! वाच, बेटा, मोठ्यानं!’’ मी वाचू लागले. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. ‘‘अजून मोठ्यानं! शेठले आयकू जाऊ दे!’’ तेव्हा एका ट्रकवाल्यानं दयेनं मला बसायला तेलाचा रिकामा डबा सरकवून दिला. मी त्या डब्यावर बसून, हातात तो कागद धरून, किती दाबाला किती व्होल्ट आणि किती गरमीपर्यंत चालेल हे सगळं भर दुकानात वाचून दाखवलं. शाळेत एलोक्यूशनच्या स्पर्धेतून मी पोटदुखीचं निमित्त करून पळाले होते. ती स्पर्धा अशी वसूल झाली.

शेवटी दोन सेन्सर उरले. एक चकचकीत, हलका, प्लॅस्टिकच्या सुंदर खोक्यात. दुसरा पितळी अंगाचा, जड, खोकं चेपलेलं. पितळ पाहिलं की मावसाजी विरघळत. तो त्यांनी हातात घेतला आणि कितीतरी वेळ खाली ठेवला नाही. मला वाटलं, हाच घेतील आणि सुटले. पण ते म्हणाले, ‘‘मले हा आवडला. म्हूनच याच्यावर भरोसा नाई ठेवाचा. आवड बी एक वजनच असते, बेटा. ते पारड्यातून काढून ठेवा लागते.’’ विजेचा माल परत घेत नाही, असं मालकानं बजावलं. म्हणून दोन्ही घेतले.

आता ते तपासायचे कसे? मी कागदावरचा पूर्ण दाबाचा आकडा पुन्हा वाचला. मावसाजींनी डोळे मिटून मनात काहीतरी मांडलं आणि एकदम ओरडले, ‘‘अरे, हा तर कुकरच्या शिट्टीएवढा!’’ शिट्टी म्हणजे काय? एक वजन. ते ठरलेल्या दाबाला उचललं जातं. इतकी वर्षं आपल्याच स्वयंपाकघरात एक वजन रोज नाचत होतं आणि आपण ते कधी तपासलं नाही, याची मावसाजींना खरोखर खंत वाटली. त्यांनी लगेच शिट्टी तोलली. जुन्या झाकणाला भोक पाडून एक नळी बसवून आणली. ती रबरी नळी थंड पाण्याच्या बादलीतून फिरवून सेन्सरला जोडायची, सेन्सरच्या तारा बॅटरीला आणि रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून आणलेल्या मीटरला. शिट्टी उचलली गेली, की मीटरचा काटा कागदात सांगितलेल्या जागी आला पाहिजे.

अडचण एकच होती, आणि ती मावशी होती. तेव्हा गॅसचा सिलिंडर संपला की दुसरा कधी येईल याचा नेम नसे. ‘‘पानी उकळाले मी गॅस जाळू देनार नाई,’’ ती म्हणाली. ‘‘माहा कुकर लागन तवा तुमचं काय ते करून घ्या.’’

तसं ठरलं. ज्या दिवशी सगळी जुळणी झाली त्या दिवशी नेमकी संकष्टी चतुर्थी होती. मावशीचा उपास. कुकरमध्ये फक्त रताळी आणि बटाटे. चकचकीत सेन्सर लावला. शिट्टी उठली आणि काटा सरळ खुणेवर जाऊन असा उभा राहिला की मावसाजींनी त्याला हात जोडायचेच बाकी ठेवले. पास.

दुसऱ्या दिवशी पितळी सेन्सरची पाळी. त्या दिवशी नेहमीचा स्वयंपाक, कुकरमध्ये तुरीचं वरण. शिट्टी झाली, फेस उसळला, पण काटा अर्ध्यावर जाऊन दमला. मावसाजींना विश्वास बसेना. आवडलेल्यावर अन्याय नको, म्हणून पुढचे दोन-तीन दिवस त्यालाच पुन्हा पुन्हा बसवलं. रोज वरण, आणि रोज काटा आदल्या दिवसापेक्षा खाली. ‘‘हा तर रोज येगळंच खोटं बोलून राह्यला,’’ मावसाजी शेवटी कष्टानं म्हणाले. मी म्हटलं, ‘‘मावसाजी, तो दुसरा पुन्हा एकदा लावून बघायचा का?’’

‘‘पास झालेल्याले काऊन परीक्षेले बसवाचं?’’ ते म्हणाले.

चकचकीत सेन्सर हिंगणीला गेला, गाडीत बसला, गाडी सुरू झाली. बापूसाहेबांनी ती स्वतः चालवत आणून आमच्या दारात उभी केली आणि आख्खी गल्ली जमेपर्यंत हॉर्न वाजवला. गिरडला आम्हीही यायचं असा त्यांचा हुकूम होता. पुढे बापूसाहेब आणि मावसाजी, मागे वहिनी, मावशी आणि मी. हिंगणघाट मागे पडेपर्यंत ते दोघं म्हातारे नदीतल्या कुठल्याशा डोहाबद्दल भांडत होते. बापूसाहेब दर दोन गावांनंतर म्हणत, ‘‘पाह्य कशी पळून राह्यली! तू पास केलेला हाये, लेका!’’ मावसाजी खिडकीबाहेर बघत. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

समुद्रपूर ओलांडून टेकडी दिसू लागली, ऊन चांगलं तापलं, आणि गाडीला उचकी लागली. मग खोकला. मग ती रस्त्याच्या मधोमध गप्प झाली. बापूसाहेबांनी बॉनेट उघडलं. चकचकीत सेन्सर इतका तापला होता की बोट लावता येईना. रताळ्यांच्या वाफेवर, बादलीच्या गारव्यात, तो खुशाल पास झाला होता. इंजिनाशेजारी तासाभरात त्यानं मान टाकली.

मागून एस.टी. आली. रस्ता अडलेला, म्हणून ड्रायव्हरनं माणसं उतरवली. दर्ग्याला चाललेली, डोक्याला रुमाल बांधलेली मंडळी आणि त्यांच्याबरोबर माझ्याच वर्गातल्या तीन मुली. ‘‘काय झालं हो?’’ कोणीतरी विचारलं. एक म्हातारा म्हणाला, ‘‘फारीनची हाये बापा. बैल जोडा म्हना.’’ सगळे हसले. सगळ्यांनी मिळून गाडी रस्त्याच्या कडेला ढकलली. मीही ढकलली, माझ्या शेजारी वर्गातली एक मुलगी, आणि दोघींपैकी कुणीच कुणाला ओळख दाखवली नाही. वहिनी उरलेला रस्ता अनवाणी चालत गेल्या. नवस मात्र गाडीनं यायचा बोलल्या होत्या. मावसाजी सगळ्यांच्या मागे, एकटे, उजवीकडे कलून चालत होते. बापूसाहेब त्यांना ‘‘असू दे,’’ एवढंच म्हणाले. तेवढंच. गाडी ट्रकला बांधून हिंगणीला गेली, आणि परतीच्या बसमध्ये दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले.

नंतर हिंगणीहून काही निरोप आला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मावसाजी संध्याकाळी स्टँडकडे फिरायला जात आणि परत येऊन कोट काढून ठेवत.

मावशीनं शेवटी ते सगळं लटांबर स्वयंपाकघरातून हलवायला सांगितलं. मी रबरी नळी धुवायला घेतली, तर तिच्यातून पाणीच जाईना. दाबली, तर पिवळा पिवळा गोळा बाहेर आला. हिंगाचा वास. मी पितळी सेन्सर उचलला. त्याच्या बारीक छिद्रात सुईचं टोक घातलं, आणि वाळलेल्या वरणाचा एक खडा माझ्या तळहातावर पडला. तुरीचा फेस दर शिट्टीला नळीत चढत होता आणि रोज थोडा थोडा घट्ट होत होता. पितळी सेन्सर खोटं बोलत नव्हता. त्याचं तोंड बंद होतं. चकचकीत मात्र संकष्टीच्या उपासाला बसला होता, म्हणून सुटला.

मी तो खडा तसाच तळहातावर घेऊन मावसाजींपाशी गेले आणि काय झालं ते सांगितलं. माझ्यासारखीला ते कसं सांगता आलं कोण जाणे. त्यांनी खड्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच असेल, त्यांनी एखादी गोष्ट तोलली नाही.

‘‘माहं माप खोटं होतं,’’ एवढंच म्हणाले.

मावशी न सांगता उठली. कुकरमध्ये नुसतं पाणी घातलं आणि तिनं स्वतः गॅस पेटवला. शिट्टी उठली. पितळी सेन्सरचा काटा खुणेवर गेला. पुन्हा लावला, पुन्हा तिथेच. मावशी म्हणाली, ‘‘अजून पाह्यचं असन तर पाहा. जळू द्या गॅस.’’ पण मावसाजी तिथे नव्हतेच. ते कोट घालत होते.

हिंगणीच्या बसमध्ये मावसाजींनी मांडीवर कुकर धरला होता. झाकण, नळी, शिट्टीसकट. कंडक्टरनं विचारलं, ‘‘बाबा, जेवन आनलं का?’’ त्यांनी कुकर आणखी जवळ ओढला. मी खिडकीतून बोर धरणाकडचं जंगल बघत राहिले.

बापूसाहेबांच्या ओट्यावर पाच-सात माणसं बसली होती. गडी, शेजारी, कोणी पाहुणे. मला वाटलं, मावसाजी त्यांना आत घेऊन सांगतील. त्यांनी कुकर ओट्यावर सगळ्यांच्या मधोमध ठेवला.

‘‘बापू, जप्ती आनली.’’

‘‘कोनाची?’’

‘‘माही. तुह्या काट्याले शिसं ठोकलं तवा चार लोकायसमोर ठोकलं होतं. म्हून हे बी चार लोकायसमोर सांगून राह्यलो. चांगल्याले म्या नापास केलं, अन् नापासाले पास. वहिनीचा नवस माह्यापायी मोडला. काटा त्या चांगल्याचा खराब नव्हता, माहा होता.’’ आणि मग त्यांनी वरणाची, संकष्टीची सगळी हकिगत सांगितली. एक शब्दही गाळला नाही. हिंगाचा वाससुद्धा. माझी नजर माझ्या चपलांवर होती, आणि मला कळत होतं, की या ओट्यावर मावसाजींनाही तेच होतंय, फक्त ते मान वर ठेवून उभे आहेत.

कोणी हसलं नाही. बापूसाहेबांनी कुकर स्वतःकडे ओढला.

‘‘शिसं आनलं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘ऑफिसनं घेतलं वापस. सुतळी हाये.’’ मावसाजींनी खरोखरच खिशातून सुतळी काढली.

बापूसाहेबांनी ती घेतली, कुकरच्या दांड्याला गुंडाळली, गाठीवर गाठ मारली. मग म्हणाले, ‘‘लेका, मले वाटलं, माह्याच तोंडून काही वाकडं निंगालं त्या दिवशी. म्हून तू येत नाई.’’

‘‘मले वाटलं तू निरोप देत नाई.’’

‘‘तू बह्याडच हाये.’’

‘‘अन् तू?’’

तेवढ्यात दारातून वहिनी म्हणाल्या, ‘‘अहो, तुमी कुकर बांधून ठेवला. मंग भाऊजींच्या घरी आज वरन कशात शिजन?’’ आणि तेव्हा मात्र सगळा ओटा हसला. वहिनींनी मला आत बोलावलं, तोंडावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, ‘‘तो पितळी आनला का वं?’’ मी पर्समधून काढून दिला.

पितळी सेन्सर त्याच दुपारी गाडीत बसला आणि अजून बसलेला आहे. वहिनींचा नवस पुन्हा रीतसर फेडला गेला. कुकर बापूसाहेबांनीच मोटारीनं घरी पोचवला, मागच्या सीटवर मावसाजींच्या आणि माझ्या मध्ये, सुतळीसकट. मावशीनं ती विळीवर कापली.

एवढं सगळं गोड झालं, पण मावसाजी मात्र बदलले. पितळी वजन देवाच्या फळीवर गेलं. कोट दोन्ही बाजूंनी सारखा झाला. आता बापूसाहेब आठवड्यातून एकदा येतात आणि यांनी काहीतरी बोलावं म्हणून मनगटावरचं घड्याळ मुद्दाम मागे करून येतात. ‘‘किती वाजले रे?’’ विचारतात. स्वतःच स्वतःची चुकीची वेळ सांगतात. मावसाजी म्हणतात, ‘‘असन.’’ बापूसाहेब चहा अर्धाच पिऊन जातात.

मागच्या महिन्यात नोकरीवरून सुट्टी घेऊन मी वर्ध्याला गेले होते. मावसाजींबरोबर बाजारात गेले. अंजनाबाईनं हाळी दिली नाही. मावसाजी उभ्या उभ्याच म्हणाले, ‘‘भेंडी दे,’’ आणि पिशवी पुढे केली. कोणी आमच्याकडे पाहिलं नाही. कॉलेजात असताना मी देवाकडे हेच तर मागत होते. अंजनाबाईनं भेंडी पारड्यात टाकली, आणि तिनंच खालच्या मानेनं विचारलं, ‘‘काटा पाह्यत नाई का जी आता?’’

‘‘राहू दे,’’ मावसाजी म्हणाले.

मी केळीच्या गाडीपाशी नव्हते. त्यांच्या शेजारीच होते. मी पर्स उघडली. सकाळी निघताना ते पितळी वजन फळीवरून काढून मी का आत टाकलं होतं, मला माहीत नव्हतं. मी खाली उकिडवी बसले आणि म्हटलं, ‘‘अंजनाबाई, काटा रिकामा दाखवा.’’ माझा आवाज माझ्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघाला. बाजूचे दोन-तीन भाजीवाले वळले.

अंजनाबाईनं कपाळावर हात मारला. ‘‘अवं माय! आता पोट्टी बी जज्ज झाली!’’

मी वजन पारड्यात ठेवलं आणि एक डोळा मिटला. वर पाहिलं, तर मावसाजींचे कान लाल झाले होते. ते घाईघाईनं इकडे तिकडे बघत होते आणि हळूहळू केळीच्या गाडीकडे सरकत होते.

‘‘चाल न् वं, बेटा,’’ ते पुटपुटले. ‘‘लोक पाहून राह्यले.’’